कपाटावर धरलेली छत्री

केळ्याचं साल लपवावं लागतं. माझ्या व्यवसायातला हा पहिला धडा, आणि तो मला एका जन्मांध माणसाने दिला.

मी सिनेमे सांगतो. ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांना, पडद्यावर जे घडतं ते शब्दांत सांगणं, हे माझं काम. याला चित्रवर्णन म्हणतात. पात्रं बोलत असली की मी गप्प. ती गप्प झाली की त्या फटीत आपलं वाक्य बसवायचं आणि पुढचा संवाद सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचं. मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांसाठी मी असं वर्णन ध्वनिमुद्रित करून देतो, त्यावर घर चालतं. जीव मात्र अडकलाय सदाशिव पेठेतल्या एका लहानशा सभागृहात. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिथे आमचं मंडळ जमतं. भिंतीला टेकवलेल्या पांढऱ्या काठ्या, दाराशी चपलांचा ढीग, थर्मासमधला चहा. सगळे पडद्याकडे तोंड करून बसतात, पण पडद्याची गरज असलेला माणूस त्या खोलीत मी एकटाच.

तर केळ्याचं साल. अगदी सुरुवातीला मी एक विनोदी सिनेमा सांगत होतो. रस्ता, माणूस चालत येतोय. मी म्हणालो, "रस्त्यावर केळ्याचं साल पडलंय." आणि मग धप्प आवाज. कुणीही हसलं नाही. खेळ संपल्यावर शेवडे उठले. शेवडे आयुष्यभर वाजवायच्या पेट्या दुरुस्त करत आले, जन्मापासून दृष्टी नाही.

"वर्णनकार," ते म्हणाले, "तो माणूस पडायच्या आधी तुम्ही खाली सतरंजी घेऊन उभे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही साल म्हणालात तेव्हाच तो पडला. नंतर नुसता आवाज आला. डोळसांना पण सिनेमा असंच बोट दाखवून साल दाखवतो का?"

मी आठवडाभर विचार केला. त्यांचं खरं होतं. डोळसांना साल दिसतं, पण भाजीची पाटी, सायकल, कुत्रं या सगळ्यांच्या बरोबरीने दिसतं. माझ्या वाक्यात ते एकटंच होतं. तेव्हापासून मी म्हणायला लागलो, "भाजीवाल्याची पाटी, टेकवलेली सायकल, एक साल, झोपलेलं कुत्रं." आणि मग धप्प. आता हसतात.

दुसरा नियम असा की जेवढं दिसतं तेवढंच सांगायचं. "तो उदास झाला" म्हणायचं नाही. "त्याने मान खाली घातली" म्हणायचं. उदास व्हायचं की नाही ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. याला मी एकच जोड देत आलोय, रंगांची, ती मोहिनीबाईंसाठी. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांची दृष्टी गेली. कथा त्यांना फारशी लागत नाही. "साडी कुठल्या रंगाची ते आधी सांगा, मग ती कुणाबरोबर पळून जाते ते बघू." बाईने काळा कोट घातला असला, तरी कोटाच्या आत कॉलर कुठल्या रंगाची, हे मी त्यांच्यासाठी शोधून ठेवतो.

हे सगळं मी हौसेने लिहितोय, पण मनात एक काटा आहेच. हे काम मी शोधून काढलेलं नाही. ते माझ्या बहिणीचं काम आहे. तिच्या जागेवर बसून मी पोट भरतो.

लहानपणी मला खुब्याच्या हाडाचा आजार झाला होता. चौथीचं पूर्ण वर्ष मी कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये पडून काढलं. कर्वे रस्त्याच्या मागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. बाबा बाहेरगावी बदलीवर. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तिची दुपारी दोनची पाळी असायची. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, तेव्हा कॉलेजात. त्यांच्या कॉलेजात एक फिल्म मंडळ होतं. भर दुपारी, वर्गाच्या खिडक्यांना काळे पडदे लावून परदेशी सिनेमे दाखवायचे. ताई ते बघून यायची आणि मला सांगायची.

'सांगायची' हा शब्द तोकडा आहे. आमच्या पिढीत बऱ्याच घरांतून एकजण सिनेमा बघून यायचा आणि बाकीच्यांना सांगायचा. पण ताई सिनेमा करून दाखवायची. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून ती आगगाडी व्हायची, पोलीस व्हायची, रडणारी नायिका व्हायची, मध्येच थांबून "आता इथे खूप वेळ नुसतं पाणी दाखवतात" असंही सांगायची. मी छताकडे बघत पडलेलो. त्या छतावर मी जेवढे सिनेमे पाहिले तेवढे पुढे कुठल्याच पडद्यावर पाहिले नाहीत.

त्यातला सगळ्यात लाडका होता कपाटवाला.

कपाटवाला म्हणजे ल्युसियाँ बोर्दक. फ्रेंच. विदूषक म्हणा, नट म्हणा, दिग्दर्शक म्हणा. आज त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसेल. त्याच्या सिनेमाच्या डिस्कबरोबर एक पुस्तिका मिळाली, ती शेजारच्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलीकडून मी समजून घेतली. त्याचा बाप पियानो हलवायचं काम करायचा. छोटा ल्युसियाँ पुढे पळत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत रस्ता मोकळा करायचा. मोठा झाल्यावर तो रंगमंचावर नसलेला पियानो उचलून दाखवायला लागला. लोक हसता हसता जागा सोडून बाजूला व्हायचे म्हणे, नसलेल्या पियानोला वाट द्यायला. मग त्याने सिनेमे काढले. मोजकेच. कारण एकच गंमत तो पुन्हा पुन्हा, मनासारखी होईपर्यंत चित्रित करायचा, आणि निर्माते कंटाळून निघून जायचे. शेवटी सिनेमे काढणं सुटलं. तो सर्कशीत परत गेला, आणि म्हातारपणी मुलांना न लागता पडायचं कसं ते शिकवत राहिला.

त्याच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमात एवढंच आहे: एका हमालाला एक कपाट एका म्हातारीच्या घरी पोहोचवायचं आहे. बुटका, गोल माणूस आणि त्याच्या दीडपट उंच कपाट. तो अख्ख्या गावातून चालतो. लग्नाचा फोटो काढत असतात, तिथे कपाटाचं दार उघडतं आणि फोटोत नवरीऐवजी कपाट येतं. एक कुत्रं आत शिरून झोपतं. फिरत्या दारात तो अडकतो आणि कपाट एकटंच हॉटेलात जातं.

आणि मग ताईचा सगळ्यात आवडता प्रसंग. चौकात पाऊस येतो. कपाटवाला कपाट खाली ठेवतो. एक बाई येऊन विचारते, जरा उभी राहू का? आणि कपाटात शिरते. मग पोस्टमन, मग नवरा-नवरी, मग बँडवाले ढोलासकट. सगळं गाव कपाटात. दार लागतं. बाहेर उरतो एकटा कपाटवाला. तो खिशातून एक छोटी छत्री काढतो, उघडतो आणि स्वतःवर न धरता, टाचा उंचावून कपाटावर धरतो. कपाट भिजू नये म्हणून.

हा प्रसंग करताना ताई स्टुलावर चढायची, आईची काळी छत्री उघडायची आणि आमच्या लोखंडी कपाटावर धरायची. घरात छत्री उघडू नये म्हणतात. आम्ही ती रोज उघडायचो. "ताई, छत्री," एवढं म्हटलं की पुरायचं.

माझं प्लास्टर निघालं, मी चालायला लागलो, शाळा सुरू झाली. ताईचं लग्न झालं, ती बिबवेवाडीला गेली, महापालिकेच्या शाळेत शिकवू लागली. सिनेमे सांगणं थांबलं. कधी थांबलं ते मला आठवत नाही, आणि तेच मला लागतं. आता एकटा असलो की मी स्वतःशीच म्हणतो, "ताई, छत्री." काही होत नाही.

गेल्या दहाएक वर्षांत ताईची दृष्टी गेली. आधी रातांधळेपणा, मग कडा गेल्या, मग नळीतून बघावं तसं मधलं थोडं राहिलं, आता तेही नाही. मुलगा-सून दिवसभर खराडीला ऑफिसात, ती घरी एकटी. परक्यांना सिनेमे सांगणारा तिचा भाऊ दर महिन्याला तिला बोलवायचा आणि ती दर महिन्याला नाही म्हणायची.

"तुमच्या त्या हॉलात येऊन काय करू? तू सांगणार आणि मी ऐकणार? सिनेमा सांगायचं काम माझं. जा, चहा ठेव."

मग गेल्या वर्षी बोर्दकचा सिनेमा स्वच्छ करून पुन्हा निघाल्याचं कळलं. मी मंडळात जाहीर करून टाकलं, पुढच्या वेळी कपाटवाला. आणि न राहवून छत्रीचा प्रसंगही थोडासा सांगितला. केळ्याचं साल आधी दाखवू नये हे शेवड्यांकडून शिकूनही. पण चाळीस वर्षं पोटात ठेवलेला प्रसंग होता. सगळे हसले. मोहिनीबाईंनी विचारलं, "छत्री कुठल्या रंगाची?" मी म्हणालो, "काळी."

डिस्क आली. मी घरी बसून पाहायला लागलो. लग्नाचा फोटो आला, कुत्रं आलं, फिरतं दार आलं. सगळं ताईने सांगितल्याप्रमाणे, इतकं तंतोतंत की मला हसता हसता रडू आलं. मग मध्यंतराची पाटी आली. आणि त्यानंतर एकही गोष्ट ओळखीची निघाली नाही. चौक नाही. पाऊस नाही. छत्री नाही. मी पुन्हा पाहिला. वाटलं, वेगळी प्रत असेल, काही कापलं असेल. पुस्तिका पुन्हा वाचून घेतली. छत्री कधीच नव्हती.

मी स्कूटर काढून बिबवेवाडीला गेलो. ताई हाताने चाचपत तांदूळ निवडत बसली होती.

"ताई, कपाटवाल्याच्या सिनेमात छत्री नाहीये."

"कसली छत्री?"

"कपाटावर धरतो ती."

तिचा हात थांबला. मग ती इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले.

"अजून आठवतंय होय तुला? अरे, ते मी लावलं होतं."

"का पण?"

"का म्हणजे? मला पुढचं कुठं माहीत होतं! एकच प्रोजेक्टर होता, रीळ बदलायला दिवे लावायचे. दिवे लागले की मी निघायचे. आईची दोनची पाळी नव्हती का?"

"कपाटवाल्याच्या वेळी?"

"सगळ्याच वेळी."

मला समजायला वेळ लागला. ती आगगाडी, तो पोलीस, शेवटी भेटणारे नायक-नायिका, बुडणारं जहाज. सगळ्या सिनेमांचे उत्तरार्ध. मी ज्यांच्यावर वाढलो ते सगळे शेवट ताईने कॉलेजपासून घरापर्यंत सायकल मारताना जुळवलेले होते. आणि ज्याच्यासाठी ती अर्ध्यातून उठायची, तो मी होतो.

"ताई, तू एकदाही सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तू पडून होतास. आणि आता तोंड पाडू नकोस, मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. तू काय मला ओढून आणायचास का? जा, केरसुणी आण, तांदूळ गोळा कर."

मी तांदूळ गोळा केले. मग म्हणालो, "रविवारी ये. तुला पुढचा अर्धा सांगायचाय."

ती नेहमीसारखी नाही म्हणाली नाही.

"पहिला अर्धा पाहिलाय मी," ती म्हणाली. "मध्यंतरानंतर येते."

सबंध आठवडा मी त्या उत्तरार्धाची वाक्यं लिहिली आणि खोडली. एवढी मेहनत कंपन्यांच्या कामावर मी कधी घेतली नाही, हेही सांगून टाकतो. कंपनीला बरं वाक्य चालतं. ताईला चाललं नसतं. आणि एक भीती होती. तिचा शेवट इतका चांगला होता. खरा शेवट तिला ऐकवून मी तिच्याकडून तोही काढून घेतोय का?

रविवार उजाडला. पहिला अर्धा छान गेला. लग्नाच्या फोटोला हॉल दणाणला. मध्येच शेवडे कुजबुजले, "हा माणूस खरंच ओझं उचलतोय हो. श्वास ऐका." ते अगदी खरं होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं की बोर्दकने हलकं, खोटं कपाट वापरायला नकार दिला होता. रिकाम्या ओझ्याने गुडघे वाकत नाहीत असं त्याचं मत होतं, आणि त्यापायी त्याची पाठ कायमची गेली. डोळ्यांनी बघताना मला तो श्वास कधी ऐकूच आला नव्हता.

मध्यंतर झालं, दिवे लावले. आमच्याकडे दिवे लावायचे कशाला, पण चहा मी ओततो, मला लागतात. दार उघडलं आणि रिक्षावाल्याचा हात धरून ताई आत आली. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा.

"आलं का रे मध्यंतर?"

रिक्षावाला परत फिरला. मी तिला पुढच्या रांगेत बसवत होतो, तेवढ्यात शेवडे म्हणाले, "वर्णनकार, छत्री अजून आली नाही."

मी माइक घेतला. सांगून टाकलं: छत्री सिनेमात नाही, मी चुकीचं जाहीर केलं, माफ करा.

"वा," शेवडे म्हणाले. "म्हणजे छत्री तुम्ही घरीच विसरलात."

"छत्री माझ्याकडे आहे," ताई म्हणाली.

"कोण बोललं?" मोहिनीबाईंनी विचारलं.

"मी याची बहीण. छत्री मी लावली होती. ऐकायची असेल तर सांगते."

मी तिच्या हातात माइक दिला. तिने तो लगेच खुर्चीवर ठेवून दिला, कारण तिला दोन्ही हात हवे होते. आणि ती उभी राहून सांगायला लागली. पाऊस. बाई. पोस्टमन. आता नवरीच्या पदराचा रंगही होता, मोरपंखी, कारण मोहिनीबाईंनी विचारला. बँडवाले ढोलासकट आत शिरताना लोक खुर्च्यांतून पडायच्या बेताला आले. ताई टाचा उंचावून, हात वर करून उभी राहिली आणि छत्री उघडली. ती छत्री समोर बसलेल्या कुणालाच दिसत नव्हती. तिला स्वतःलाही नाही. तिचे ते हातवारे पाहणारा त्या खोलीत मी एकटाच होतो, चाळीस वर्षांपूर्वी होतो तसाच.

मग मी उत्तरार्ध सांगितला.

कपाटवाला म्हातारीच्या घरी पोहोचतो. जिना अरुंद. कपाट उभं जात नाही, आडवं जात नाही, तिरकं जात नाही. म्हातारी खाली येते. दोघं पायरीवर बसून कपाटाकडे बघतात. मग म्हातारी उठते, रस्त्यातच कपाटाचं दार उघडते, अंगातला कोट काढते, आत टांगते, दार लावते आणि वर निघून जाते. "कोटाचं अस्तर जांभळं," मी म्हणालो. दुसरा दिवस. म्हातारी खाली येते, रस्त्यावरच्या कपाटातून टोपी काढते, घालते, बाजारात जाते. येणारे-जाणारे कपाटाला वळसा घालून जातात. गावाला सवय होते.

शेवटी कपाटवाला घरी निघतो. आणि त्याचे हात खाली येत नाहीत. कपाट धरल्यासारखे गोल, पुढे पसरलेले. तसाच तो चालतो. कपाट नसूनही लोक बाजूला होतात. स्वतःच्या घराच्या दारातून तो आडवा होऊन आत जातो. दार लागतं.

इथे मी एकच वाक्य ठेवलं होतं: "हात अजून कपाटाएवढे." बाकी फक्त त्याची पावलं ऐकू दिली.

ताईचा चेहरा मला त्या वेळी पाहता आला नाही. माझ्या कामात पडद्यावरून नजर काढता येत नाही. एक क्षण चुकला की सगळ्यांचाच चुकतो. ती हसली का, कुठे हसली, मला माहीत नाही. दिवे लागले तेव्हा ती गजरा नीट करत होती.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"सांगतोस बरा," ती म्हणाली. "घाई करतोस थोडी."

तिला स्कूटरवर मागे बसवून मी निघालो. वैशाखातली दुपार, रस्ता तापलेला. इतकी वर्षं मी कोपर पुढे केलं की ती "चालता येतं मला" म्हणून झिडकारायची. आज तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो. आजूबाजूला हॉर्न वाजत होते. मी तिला विचारणार होतो, ताई, तुझा शेवट चांगला की त्याचा? पण तीच पुढे वाकली.

"नंदू."

"काय गं?"

"ते कपाट रस्त्यावरच राहिलं?"

"हो."

"म्हातारीचे कपडे आत?"

"हो."

सिग्नल सुटला. मागचे ओरडायला लागले. तिने खांदा घट्ट धरला.

"मग पाऊस आला तर रे?"

"छत्री आहे की," मी म्हणालो, आणि गाडी पुढे काढली.